अमाकच्या कोंबड्यांचा गट

पायाकुंबू शहराजवळच्या गावात हाजी झुल्हेन्द्रींच्या शेडमध्ये रोज शंभरेक कोंबड्या मरू लागल्या, तेव्हा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेने आपल्या पशुवैद्य येल्वीला पाठवलं. तिने पाच-सहा मेलेल्या कोंबड्या फाडून पाहिल्या. काळजावर पिवळट साय धरलेली.

"ई. कोलाय," ती म्हणाली.

"पण आले कुठून हे जंतू?" म्हणत हाजींनी कुंपणापलीकडे बोट दाखवलं. तिथे रोस्निदार म्हातारीच्या, म्हणजे साऱ्या गावाच्या अमाकच्या, आईच्या, चौदा गावठी कोंबड्या उकिरडा उकरत होत्या.

येल्वीने त्यांचेही नमुने घेतले. निकालाला दोन आठवडे लागणार होते. पण संध्याकाळी चावडीवर चाळीस माणसं जमली, सगळ्यांचे डोळे तिच्यावर, आणि ती बोलून गेली, "मोकाट कोंबड्यांकडूनच आले असणार." त्यातलं 'असणार' कुणी ऐकलंच नाही. सकाळी चौदाच्या चौदा खड्ड्यात गेल्या.

पुढे जनुकांवरून जंतूंचे गट पाडले. शेडमधले जहाल गटातले, रोग करणारी जनुकं बाळगणारे. अमाककडचे भलत्याच गटातले, धडधाकट कोंबडीच्या आतड्यात असतात तसले, निरुपद्रवी. येल्वीने तपासणी पुन्हा केली. मग तिसऱ्यांदा. आपलं कुठेतरी चुकलेलं निघावं, असं तिला फार वाटत होतं.

अमाकच्या चुलीपाशी बसून तिने सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या कोंबड्या चांगल्या होत्या?"

"हो, अमाक. चुकले मी. माफ करा."

"चावडीवर बोललीस ना गं पोरी? मग माफी इथे चुलीपाशी होय?"

येल्वीचे कान तापले. आत येताना दारही तिनेच लोटून घेतलं होतं.

शुक्रवारच्या नमाजानंतर ती चावडीवर उभी राहिली. लिहून आणलेला कागद खिशात कोंबून तशीच बोलली.

"मेल्या बिचाऱ्या. सोडा आता," हाजी म्हणाले.

"मेल्या नाहीत. मारल्या. माझ्या शब्दावर."

कुणीच तिच्याकडे पाहिलं नाही. तिने आणलेली पिल्लांची टोपली अमाकने हातानेच मागे सारली. "नको. पुन्हा कुणी शिकलेलं येईल आणि बोट दाखवील."

परतीच्या गाडीत टोपली मांडीवर चिवचिवत राहिली. "गोड आहेत हो! कुणासाठी नेताय?" शेजारी बसलेल्या बाईने विचारलं.