बाटलीवर लावलेली लाल

चिंतामणीने सलाइनची बाटली डोक्याच्या वर धरली आणि कुंदाने तिची नळी खिडकीतून बाहेर काढून बॉनेटच्या फटीत सारली. बाटलीत सलाइन नव्हतं, पेट्रोल होतं. बरोब्बर एक लिटर. ते भरताना चिंतामणी जमिनीवर उकिडवा बसून, एक डोळा मिटून, दुसरा रेषेच्या पातळीत आणून इतका वेळ थांबला होता की ओसरीवरच्या मांजराने कंटाळून कूस बदलली.

"हात खाली आला तर पेशंट दगावेल हं," कुंदा म्हणाली.

"कोण पेशंट?"

"ही." तिने लाल टपावर थाप मारली.

कुळगावच्या त्या अंगणात दोन गाड्या उभ्या होत्या. दोन्ही जुन्या, दोन्ही लहान, दोन्हींचं मागचं दार वर उघडणारं. दोन्ही उल्हासनगरच्या भगवानदासच्या. पांढरी गरीब गाईसारखी. लाल मात्र एका हौशी पोराने नटवलेली: रुंद टायर, जमिनीला टेकेल असं बूड आणि सायलेन्सर असा, की शनिवारी ती गावात शिरली तेव्हा दोन घरांनी वाळवणं आत घेतली. आभाळ गडगडलं असंच वाटलं लोकांना.

"साईं, ये गाडी नहीं, घोडा आहे घोडा," भगवानदास म्हणाला होता.

"घोड्याला चंदी किती लागते ते सांगा," चिंतामणीचे वडील विष्णुपंत म्हणाले होते.

त्यासाठीच ही बाटली. जुनी गाडी घेताना या भागात कुणी विकणाऱ्याच्या जिभेवर विश्वास ठेवत नाही. टाकीची नळी काढायची, एक लिटर बाटलीत भरायचं, ती इंजिनाला लावायची आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. मीटर सांगेल ते खरं. भगवानदासची याला हरकत नव्हती. त्याच्या गाड्यांच्या टाक्या गिऱ्हाइकाकडे येताना इतक्या कोरड्या असत, की आत पापड वाळत घालावेत.

पांढरीची परीक्षा काल झाली. तिने लिटरला अठरा किलोमीटर दिले. आज लालची. विष्णुपंतांनी आपल्या निवृत्तीच्या पुंजीतून गाडी घ्यायचं कबूल केलं होतं आणि अट एकच घातली होती.

"पंधराच्या खाली आली तर पांढरी. घेणं एका दिवसाचं, पोसणं रोजचं. माझ्यामागे तुम्हालाच पोसायची आहे."

त्यांची सून कुंदा बाळंतपणाची डॉक्टर. गेल्या थंडीत डोंगराकडच्या एका पाड्यावरून टेम्पोत घालून आणलेली बाई उल्हासनगरच्या इस्पितळाच्या दारातच दगावली होती. टेम्पोवाला रस्ताभर म्हणत होता, बाई, याच्याहून जोरात पळत नाही हो. तेव्हापासून कुंदा त्याविषयी कधी बोलली नव्हती. परवा जेवताना मात्र ताटावरून नजर न उचलता म्हणाली होती, "पांढरी घेतलीत तर मी लांबच्या केसेस सोडते. गावात सर्दीखोकला बघेन."

विष्णुपंतांनी भातावर ताक ओतून घेतलं होतं.

उरला चिंतामणी. तो कुणाच्याच बाजूचा नव्हता. अंबरनाथच्या एका कारखान्यात तो तयार माल मापाने तपासायचा, आणि त्याने नापास केलेला बोल्ट पुन्हा पास झाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. स्वतःच्या लग्नात भटजी अंतरपाट खाली घ्यायला लागले, तर यानेच मनगटावरचं घड्याळ पाहून "अजून अर्धं मिनिट आहे" म्हणून थांबवलं होतं, असं गावात सांगतात. खरंखोटं त्या अंतरपाटाला ठाऊक. पण त्याने सांगितलेला आकडा विष्णुपंत पुन्हा तपासत नसत, एवढं मात्र खरं.

ठरलं ते असं: कुंदाने लाल चालवायची, चिंतामणीने शेजारी बसून बाटली धरायची. मागून पांढरीत भगवानदास आणि विष्णुपंत, पेट्रोलचा कॅन मांडीवर घेऊन. लाल जिथे मान टाकेल तिथे गाठून तिला पाजायचं.

"हळू घे," चिंतामणी म्हणाला. "चाळिसाच्या वर नको. मग आकडा चांगला येतो."

"आकडा चांगला यावा असं वाटतं तुम्हाला?"

"आकडा बरोबर यावा असं वाटतं."

लाल गुरगुरत निघाली. बाजारात पांढरीच्या आडवी भाजीची हातगाडी आली आणि ती मागे राहिली. शिरगावच्या वळणावर एक माणूस रस्त्याच्या मध्यात दोन्ही हात पसरून उभा होता. कुंदाने ब्रेक दाबला. पेट्रोल बाटलीत हिंदकळलं.

तो सदू होता. कडेला, आंब्याखाली, गोधडीवर त्याची बायको बकुळा पडली होती आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन तिची सासू वेणूबाई बसली होती. गोधडी लाल नव्हती, पण होत चालली होती.

"रिक्षा आनाया पोर धाडलंय, अजून पत्ता नाय," सदू म्हणाला. "डाक्टरीनबाई, तुमचीच वाट धरली व्हती मी."

कुंदा गुडघ्यांवर बसली. उठली तेव्हा तिचा चेहरा चिंतामणीने कधी न पाहिलेला होता.

"वार खाली आलीय, बाळाच्या आधी. इथे माझ्याच्याने काही होणार नाही. सिझर लागेल, आत्ता. उचला तिला. मागे घाला."

"कुंदा," चिंतामणी हलक्या आवाजात म्हणाला, "आपण बाटलीवर आहोत."

"माहीत आहे."

"मागून बाबा येताहेत, कॅन घेऊन. थोडं थांबलो तर..."

"तिच्याकडे ते थोडं नाहीये." तिने सदूकडे वळून सांगितलं, "मागून पांढरी गाडी येतेय, तिच्यात बस. मोठ्या इस्पितळात ये."

गाडी निघाली. मागच्या सीटवर वेणूबाई सुनेच्या तोंडावरून हात फिरवत होती. "डोळं उघडं ठेव गो बाय. माझ्याकडं बघ. मला शिव्या दे, रोज देतीस तशा दे."

बकुळाचे ओठ हलले. शिवी होती की नाही, कळलं नाही.

चिंतामणीचा हात वर होता. बाटलीवरच्या रेषा त्याच्या डोळ्यांसमोर होत्या आणि पेट्रोल एकेक रेष सोडत खाली चाललं होतं. चाळिसाच्या वेगाने किती जातं ते त्याने मनात पक्कं केलं होतं. कुंदा सत्तरवर होती. लाल आता गुरगुरत नव्हती, ओरडत होती, आणि तिच्या त्या ओरडण्याने रस्त्यावरच्या सायकली आपोआप कडेला होत होत्या.

पुढे रेल्वेच्या फाटकाची घंटा वाजायला लागली.

दोन्ही दांड्या थरथरत खाली येऊ लागल्या. चिंतामणी असा माणूस, की फाटक सताड उघडं असलं तरी स्कूटरवरून उतरून दोन्हीकडे बघायचा. त्याने श्वास घेतला. कुंदाने गियर खाली टाकला आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. लालने पुढचं तोंड उचललं, सगळ्यांना सीटमध्ये मागे रेटलं आणि पहिल्या दांडीखालून गेली. रूळ दणदण वाजले. दुसरी दांडी टपाला चाटून गेली, त्या आवाजाने वेणूबाईने देवाचं नाव घेतलं. फाटकवाला काहीतरी आईबहिणीवरून ओरडला. बॉनेटच्या फटीत नळी जागच्या जागी होती.

चिंतामणीने मागे वळून पाहिलं. रुळांच्या पल्याड, पडलेल्या दांडीमागे, पांढरी नुकतीच येऊन उभी राहिली होती. तिच्यात कॅन होता. मध्ये मालगाडी आली, आणि ती संपायचं नाव घेईना.

"किती आहे?" कुंदाने विचारलं. तिची नजर रस्त्यावर होती.

बाटलीत खालच्या दोन रेषा होत्या. त्या एका उडीने एवढं पेट्रोल गिळलं होतं, की पांढरी तेवढ्यात अंबरनाथला देवदर्शन करून आली असती. या वेगाने इस्पितळापर्यंत पोचत नाही, हे चिंतामणीने हिशेब न करताही ओळखलं. हळू गेलं तर पेट्रोल पोचतं. बकुळा पोचते की नाही, ते बाटलीवर लिहिलेलं नव्हतं.

त्याने आरशात पाहिलं. वेणूबाई आता सुनेशी बोलत नव्हती. नुसती तिच्या गालावर चापट्या मारत होती, एकामागून एक.

"अहो, किती आहे? हळू करू का?"

"आहे," चिंतामणी म्हणाला.

"म्हणजे किती?"

"पुष्कळ आहे. दाब तू."

कुंदाने एक क्षण त्याच्याकडे पाहिलं. 'पुष्कळ' हे माप तिने आजवर त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मग तिने दाबला.

अंबरनाथ मागे पडलं. चिंतामणीने बाटली टपाला टेकवली, मग तिरकी केली, म्हणजे तळाचा थेंबही नळीकडे येईल. त्याचा दंड लाकडासारखा झाला होता. उल्हासनगरची दुकानं दिसू लागली. एक हातगाडी, एक गाय, शाळेच्या मैदानातून रस्त्यावर आलेला बॉल. लाल सगळ्यांना वळसे घालत गेली, आणि अशी, की मागच्या सीटवरच्या बकुळाचं डोकंही फारसं हललं नाही. नळीत हवेचा एक बुडबुडा शिरला. चिंतामणी त्याच्याकडे बघत राहिला. बुडबुडा सावकाश खिडकीकडे चालला, काठावर थबकला आणि बाहेर गेला.

इंजिन एकदा ठसकलं. पुन्हा ठसकलं. मग सायलेन्सर गप्प झाला, आणि त्या शांततेत वेणूबाईचा श्वास ऐकू आला.

"उतार आहे," कुंदा म्हणाली. कुणाला, ते कळलं नाही. तिने गियर सोडवला. लाल आवाज न करता, पांढरीहूनही गरीब होऊन, उतारावरून घरंगळत इस्पितळाच्या फाटकातून आत शिरली आणि पायऱ्यांपाशी येऊन आपोआप थांबली.

स्ट्रेचर आलं. कुंदा त्याच्याबरोबर धावली.

पांढरी आली तेव्हा चिंतामणी अजून सीटवरच होता. सदू गाडी थांबायच्या आधीच उडी मारून आत पळाला. विष्णुपंत सावकाश उतरले. एका हातात कॅन, दुसऱ्यात छत्री. त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाची उजवी बाही दंडापर्यंत चुरगळली होती, सदूच्या पाच बोटांची मूठ तिच्यावर बराच वेळ आवळलेली असावी तशी. त्यांनी ती सारखी केली नव्हती. ते लालला टेकून उभे राहिले आणि बराच वेळ दाराकडे बघत राहिले. मधल्या वेळात भगवानदासने टपावरचा फाटकाचा ओरखडा पाहिला, बोटाने चाचपला, तोंड उघडलं आणि विष्णुपंतांकडे बघून पुन्हा मिटलं.

शेवटी कुंदा बाहेर आली. हात धुतलेले, ओले.

"मुलगी झाली. मायलेकी दोघी आहेत," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर..." खिडकीतली नळी काढून ती मनगटाभोवती गुंडाळू लागली.

विष्णुपंतांनी मान हलवली.

"किती दिले?"

चिंतामणीने मीटरकडे पाहिलं. कुळगावात निघतानाचा आकडा त्याच्या डोक्यात होता, कुंदाच्याही होता. दोघांनी एकदमच वजाबाकी केली. नळी गुंडाळणारा तिचा हात थांबला.

"सोळा," चिंतामणी म्हणाला.

भगवानदास जन्मभर लोकांना वीस, बावीस सांगत आला होता. त्यालासुद्धा ठसका लागला.

"सोळा?" विष्णुपंत म्हणाले. "घरापासून इथवर तर अकराच्या आसपास भरतात."

"बाटलीत उरलं होतं," चिंतामणी म्हणाला. त्याचे कान तापले होते. "इथे आल्यावर नळी निसटली. सांडलं."

विष्णुपंत वाकले. बॉनेटखालच्या जमिनीकडे पाहिलं. खिडकीखाली पाहिलं. मग छत्रीच्या टोकाने तिथली माती थोडी उकरली. माती भुरभुरीत, कोरडी. तिच्यावरून मुंग्यांची एक रांग निवांत चालली होती. विष्णुपंत त्या रांगेकडे पाहत राहिले. कुंदाने नळी घट्ट धरली होती.

"पेट्रोलचं असंच," विष्णुपंत सरळ होत म्हणाले. "लगेच उडून जातं."

त्यांनी चुरगळलेल्या बाहीचा हात पुढे केला आणि कॅन चिंतामणीपुढे धरला. कॅन घ्यायला चिंतामणीला हात खाली घ्यावा लागला. त्याच्या हातात बाटली अजून तशीच वर होती, रिकामी.

"ती ठेव आता," विष्णुपंत म्हणाले. "टाकीत ओत."