मुकी बटणं

टक्.

एवढाच आवाज. कुणी पेनाला टोपण लावावं तसा. मी मागच्या गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. चिमटा पडला असेल म्हणून पायाशी पाहिलं, तर चिमटे सगळे दोरीवर. भिंगरी उठली की काय, या धास्तीने क्षणभर श्वास रोखला. आतून काही चाहूल नाही. हायसं वाटलं.

भिंगरी म्हणजे आमची लेक, चार वर्षांची. जागी असते तोवर एका जागी ठरत नाही, म्हणून हे नाव. ती दुपारी निजते तेवढाच वेळ माझा. त्यातलाही निम्मा कपडे आणि भांडी खातात, पण उरलेला कसा खडीसाखरेसारखा जपून चघळायचा.

सध्या तो वेळ कासवांना जात होता. कासवांवरच्या एका माहितीपटाखाली मराठी ओळी टाकायचं काम मिळालं होतं. भिंगरी झाल्यापासूनचं पहिलं काम. ते देणाऱ्या बाई तोंडावर गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "आज संध्याकाळपर्यंत आलं तर पुढची सगळी मालिका तुझी," त्या म्हणाल्या होत्या, "नाही आलं तर मी समजून घेईन, पण काम दुसरीला देईन." समजून घेणाऱ्यांची मला कमी नव्हती. काम देणाऱ्या त्या एकट्याच.

पिल्लं वाळूतून वर येतात आणि समुद्राकडे निघतात, तेवढा शेवटचा भाग राहिला होता. कपड्यांचा ढीग खुर्चीवर टाकला, जेवणाच्या टेबलावरच्या लॅपटॉपपुढे बसले आणि लिहायला घेतलं.

अक्षर उमटेना. दुसरं बटण दाबलं, मग सगळीच दाबली. टचपॅडवर बोट फिरवलं, बाण जागचा हलेना. बंद करून चालू केला, तरी तेच. काल दुपारीही त्याने असाच दगा दिला होता. तेव्हा वाटलं, उन्हाळा आहे, तापला असेल.

शेवटी धाकट्या दिराला फोन लावला. ते दिवसभर ऑफिसात लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतात आणि सुट्टीच्या दिवशी नातेवाइकांचे.

"भाऊजी, बटणं गेली."

"कुणाच्या शर्टाची?"

"थट्टा नको हो. लॅपटॉपची. टचपॅडही गेलं."

"बंद करून चालू केलात?"

"दोनदा."

"चहा सांडला?"

"तो तुमच्या भावाचा प्रांत. मी नाही सांडत."

ते हसले. "बरं, स्क्रीनला बोट लावून बघा."

लावलं. कासव चालू लागलं. "चालतंय की! आणि ओळीवर बोट ठेवलं तर स्क्रीनवरच एक कीबोर्ड उगवलाय. मी काही बोलावला नव्हता."

"मग मेलाबिला नाहीये तो, वहिनी. सोंग घेतलंय त्यानं."

आमचा लॅपटॉप दुमडणारा आहे. स्क्रीन पार मागे वळवली की त्याची पाटी होते आणि ती बोटाने चालवायची. नवऱ्याने हौसेने आणला, चार दिवस पाटी केली, मग विसरला. भाऊजींनी समजावलं, "पाटी झाली की बटणं मागच्या बाजूला जातात. मांडीवर ठेवल्यावर ती उगाच दाबली जाऊ नयेत म्हणून लॅपटॉप आपणहून ती बंद करतो. तुमच्या लॅपटॉपला वाटतंय, आपण पाटी झालोय. आता एक करा, स्क्रीन पूर्ण मागे फिरवा आणि परत जागेवर आणा."

फिरवली, परत आणली. बटणं मुकी ती मुकीच.

"स्क्रीनवरच्या कीबोर्डवर नाही का भागणार?"

तेही करून पाहिलं. त्याने अर्धी स्क्रीन गिळली. अक्षरं दिसावीत तर पिल्लं झाकली जात, पिल्लं बघावीत तर लिहायला जागा नाही. एका ओळीला इतका वेळ लागला, की पिल्लू तोवर समुद्र गाठून मोठं झालं असतं. खिडकीतलं ऊन टेबलाच्या कडेवरून खाली उतरू लागलं होतं. काम दुसरीला. "संध्याकाळपर्यंत पाठवायचंय हो," मी म्हटलं.

भाऊजींनी थट्टा आवरली. "काल कसा सुधारला होता?"

"आपोआप. मी कंटाळून उठले. भिंगरी तेवढ्यात जागी झाली, तिच्याबरोबर कागदाच्या होड्या केल्या. संध्याकाळी उघडला तर ठणठणीत."

"आपोआप काही होत नसतं, वहिनी. जवळपास लोहचुंबक आहे का? पर्सचं, फोनच्या कव्हरचं? स्क्रीन कुठे वळलीय, हे तो आतल्या बारीकशा चुंबकावरून ओळखतो. बाहेरचं एखादं जवळ आलं की फसतो."

पर्स खुंटीला होती आणि फोनला कव्हरच नव्हतं. मी मान फिरवली, तर समोर फ्रिज. त्याच्या दारावर भिंगरीची चित्रं लावलेली असतात, रंगीत माशांनी धरून ठेवलेली. त्या माशांच्या पोटात लोहचुंबक. निळा मासा होता, हिरवा होता. एक चित्र मात्र खाली फरशीवर पडलं होतं.

मी लॅपटॉप उचलून उलटा केला. नारिंगी मासा पोटाशी घट्ट चिकटून बसला होता. ओढून काढला, तशी त्याने जाता जाता तीच खूण दिली. टक्.

"सापडला," मी हळूच म्हटलं.

"काय?"

"मासा. नंतर सांगते."

"झोपलेल्याला उठवता येतं हो, वहिनी, सोंग घेतलेल्याला..."

"माहितीये. माझ्या घरात दोन आहेत."

आतल्या खोलीत भिंगरी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून पडली होती. डोळे इतके गच्च मिटलेले, की नाकाला सुरकुत्या पडल्या होत्या. पापण्या थरथरत होत्या. रागवावं म्हणून गेले होते. राग वाटेतच कुठेतरी सांडला.

"हा मासा कुणाचा गं?"

एक डोळा उघडला. "त्याला झोप येत होती."

"माशाला?"

"लॅपटॉपला. मासा लावला की तो झोपतो. मग तू माझ्याजवळ येतेस." पुढचं तिने पांघरुणात तोंड घालून सांगितलं. "मग मी परत काढते. त्याला बरं वाटावं म्हणून."

काल मी कागद आणायला उठले होते तेव्हाच तिने काढला असणार. इतकं साधं औषध. चार वर्षांच्या पोरीला सापडलेलं, आणि मला उन्हाळा सुचला.

तिला उचलून टेबलाशी आणलं, मांडीवर घेतलं. मासा तिच्या मुठीत दिला. "मासा धरून बस. समुद्रात पोचेपर्यंत एकाही पिल्लाला नजरेतून सोडायचं नाही. आणि लॅपटॉपला हात लावायचा नाही."

"आणि तुला?"

"मला लाव."

बटणं पुन्हा बोलू लागली. तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली, केसांना उशीचा वास. हात लांब करून लिहावं लागत होतं, दंड भरून येत होते, पण ओळी येत गेल्या. मध्येच ती विचारी, "ही पिल्लं एकटीच चालली आहेत? त्यांची आई?"

"समुद्रात गेलीय."

"कामाला?"

"असेल," मी म्हटलं आणि पुढची ओळ लिहिली.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा शेवटचं पिल्लू पाण्यात गेलं. काम पाठवलं. भात लावून परत आले तोवर बाईंचं उत्तर येऊन पडलं होतं. 'मिळालं. पुढचा भाग उद्या पाठवते.' कौतुकाचा एक शब्द नाही. मी ते उत्तर पुन्हा पुन्हा वाचलं.

"आता झोपव त्याला," मी भिंगरीला म्हटलं.

तिने विश्वासच बसत नसल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी मासा धरून, जीभ बाहेर काढून, लॅपटॉपखाली त्याची जागा शोधली. टक्. वर हलकेच थोपटलंही, मी तिला थोपटते तसं.

मग वळून माझ्या गळ्यात हात टाकले आणि अगदी जवळून, डोळ्यांत पाहत विचारलं, "आई, तो झोपला की तू माझी असतेस. मग मी झोपले की तू कुणाची असतेस?"