दोरीचं टोक

तात्या दागिनेवालीच्या खोलीत शिरले तेव्हा पहिलं बटण कापून झालं होतं.

टाइपरायटर टेबलावर होता. झाकण काढून बाजूला ठेवलेलं, आणि खालच्या ओळीत एका बटणाच्या जागी नुसती लोखंडी काडी उभी. दागिनेवालीने पक्कड दुसऱ्या बटणाच्या मानेला लावली होती.

"थांबा," तात्या म्हणाले. जिना चढून त्यांना धाप लागली होती. "ताई, थांबा. ते मशीन माझ्या बायकोचं आहे."

तिने वर पाहिलं, पण पक्कड काढली नाही. "मी ते भंगारवाल्याकडून विकत घेतलंय, काका."

"त्याला माझ्या मुलाने दिलं. मी बहिणीकडे गेलो होतो, तेवढ्यात त्याने आईचं सगळं आवरून टाकलं. वाईट मनाने नाही. बापाच्या नजरेसमोरून हललं तर बापाला बरं वाटेल, असं वाटलं त्याला."

वरून सकाळी मुलगा असंही म्हणाला होता, "तात्या, लिहायचं असलं तर फोनमध्ये बोला, तो लिहून देतो. त्या डबड्याचं काय लोणचं घालायचंय?" चप्पल पायात सरकवून तात्या भंगारवाल्याकडे गेले आणि तिथून पत्ता घेऊन इकडे.

दागिनेवाली जुन्या टाइपरायटरची बटणं कापून त्यांचे कानातले करायची आणि फोनवरून विकायची. भिंतीवर काळी गोल अक्षरं जोडीजोडीने टांगली होती. टेबलावर तिचा फोन सारखा किणकिणत होता.

"तुम्ही दिले त्याहून जास्त देतो," तात्या म्हणाले.

"पैशाचं नाही हो. उद्या माल द्यायचाय. आणि चालतं मशीन मी कापत नाही, हा माझा नियम आहे. हे मेलेलं आहे. मी बटणं दाबून बघितली, सगळी अक्षरं एकाच जागी एकावर एक पडतात. कागद धरून सरकते ती कॅरेज ओढणारा पट्टाच तुटलाय आतला."

"तो तुटून वर्षं झाली. तरी चालायचं."

"पट्ट्याशिवाय?"

"ती टाइप करायची. मी ओढायचो."

पट्टा तुटला तेव्हा तो बसवून देणारा मिस्त्रीच कुठे उरला नव्हता. मग बायकोने कॅरेजच्या डाव्या टोकाला दोरी बांधली आणि दोरीचं दुसरं टोक नवऱ्याच्या हातात दिलं. अक्षर पडलं की आतला दात सुटायचा, आणि दोरीला ताण असला की कॅरेज एक घर पुढे यायची. ताण कमी पडला की अक्षरावर अक्षर. जास्त झाला की मधली घरं मोकळी. शेजाऱ्यांनी तात्यांना नावच ठेवलं होतं, टायपिंगबाईंचा बैल. तात्यांना त्याचं काही वाटायचं नाही. बैल तर बैल, तिच्या शेजारी बसायला मिळत होतं.

दागिनेवालीने पक्कड खाली ठेवली, पण हाताशीच. "एक ओळ. स्वच्छ आली तर घेऊन जा. नाही आली तर मला माझं काम करू द्या. मग गळ घालायची नाही."

"कबूल."

तिने पार्सलची सुतळी पुढे सरकवली. तात्यांनी ती कॅरेजच्या टोकाला बांधली, पण गाठ सुटली, पुन्हा बांधावी लागली. दागिनेवालीने कागद चढवला. तात्या स्टूल ओढून डाव्या बाजूला बसले.

"काय लिहू?"

"काहीही."

तिने सुरुवात केली आणि लगेच दोन अक्षरं एकमेकांवर चढली. तात्यांनी घाईने ओढलं, तर कॅरेज भसकन पुढे गेली.

"काका," ती थांबून म्हणाली.

"अजून एकदा."

"एक ओळ ठरली होती."

"मग ओळ झाली कुठे? हे तर पहिल्याच पावलाला घसरलं."

तिच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. तिने कागद वर घेतला. "हे शेवटचं. आणि मी एका बोटाने मारते, आधीच सांगते."

कुठे चुकतंय ते तात्यांना कळलं होतं. त्यांचा हात अजून बायकोच्या ठेक्यावर चालत होता. ती चार-पाच अक्षरं भराभर मारायची, जरा थांबायची, की पुन्हा भराभर. ही बाई शोधून शोधून मारत होती. हिच्याबरोबर जायचं तर तो ठेका हातातून सोडावा लागणार होता, आणि बायको गेल्यापासून तात्यांनी तो कुठे सोडला नव्हता.

त्यांनी कागदाकडे बघणं बंद केलं. फक्त तिच्या बोटाकडे बघू लागले. बोट खाली गेलं की ताण. बोट हवेत फिरू लागलं की नुसता धरून ठेवायचा. एक घर. आणखी एक. फोन किणकिणला, तिने तो उलटा ठेवला. अर्धी ओळ झाली.

मग तिचं बोट अधांतरी थांबलं. पुढचं अक्षर कापलेल्या बटणाचं होतं. काडीचं टोक धारदार होतं.

"दुसरा शब्द घेऊ?" तिने विचारलं.

"घ्या ना," तात्या म्हणाले. दोरीचा ताण त्यांनी तसाच धरून ठेवला.

तिने पक्कड उचलली आणि पकडीच्या मुठीने ती काडी दाबली. खट्. अक्षर आपल्या जागी पडलं. ती पुढे मारत राहिली, ते ओढत राहिले, आणि ओळीच्या शेवटाला घंटी वाजली.

दागिनेवालीने कागद उजेडात धरला. "इथे दोन चिकटलीत."

"चिकटलीत. चढलेली नाहीत."

तिने कागद टेबलावर ठेवला. मग झाकण घेऊन मशीनवर बसवलं आणि कापलेलं बटण तात्यांच्या तळहातावर ठेवलं. "न्या. पण घरी टाइप कोण करणार?"

"मीच. शिकेन."

"आणि ओढणार कोण?"

"दोरीला वजन बांधीन. टेबलाच्या कडेवरून खाली सोडलं की झालं, ते आपलं ओढत राहील."

"एवढं सोपं होतं, तर इतकी वर्षं वजन का नाही बांधलंत?"

"ती म्हणाली होती बांधू या म्हणून," सुतळी गुंडाळत तात्या म्हणाले. "मीच नको म्हटलं."