सरासरी बारा टक्के

त्या कागदावर लाल पेनाने बरोबरची खूण मीच केली होती, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कोणाकडून कळलं तर वाईट दिसेल.

मी शरयू. लष्कर भागातल्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले. ग्वाल्हेरच्या आमच्या मराठी मंडळात कुठलाही आकडा ‘बाईंनी पाहिलाय’ म्हटलं की पुढे कोणी बोलत नाही. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू?

मंडळाचा चाळीस लाखांचा निधी आहे. बाहेरगावहून शिकायला आलेल्या मुलींची वसतिगृहाची फी त्याच्या व्याजातून जाते. तीन वर्षांपूर्वी त्यातले दहा लाख केदारकडे दिले होते, शेअर बाजारात लावून बघायला. केदार माझा विद्यार्थी. नई सडकेवर त्याचं औषधांचं दुकान आहे, आणि मंडळाचं हे काम तो एक पैसा न घेता करायचा. त्या रविवारच्या सभेत ठराव होता की बँकेत राहिलेले तीस लाखही त्याच्याकडे द्यावेत. सात मुलींची फी त्या तीस लाखांवर चालत होती.

आदल्या दिवशी केदार तो हिशोबाचा कागद दाखवायला घरी आला, तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलेलं. उभ्या उभ्याच पाहिलं. पहिल्या वर्षी साठ टक्के वर, दुसऱ्या वर्षी चाळीस खाली, तिसऱ्या वर्षी सोळा वर. साठातून चाळीस गेले वीस, त्यात सोळा मिळवले छत्तीस, भागिले तीन. सरासरी बारा टक्के. बँक देते सात. मी खूण केली आणि दूध उतू जायच्या आत गॅस बंद केला.

सभेत अध्यक्ष महिपतराव ठराव वाचत होते. हॉलमध्ये तीसेक माणसं, हात पुसायचे कागद असावेत तसे केदारचे कागद हातात धरून बसलेली. मी सहज पान उलटलं. मागे खाली बारीक अक्षरात होतं : आजची शिल्लक अकरा लाख तेरा हजार सहाशे.

दहा लाखांना वर्षाला बारा टक्के सुटले, तर तीन वर्षांत चौदा लाख व्हायला हवेत. इथे सव्वाअकराही नव्हते. कोणी पैसे काढले होते का? नाही, तेही तिथेच लिहिलं होतं. मग मी दुसऱ्यांदा हिशोब केला, या खेपेला टक्क्यांचा नाही, रुपयांचा. आणि चूक दिसली. ती केदारची होती तेवढीच माझी.

गप्प बसता आलं असतं. सभा संपल्यावर केदारला बाजूला घेऊन सांगते, चारचौघांत कशाला, असंही मनात आलं. पण महिपतराव म्हणाले, ज्यांना मंजूर असेल त्यांनी हात वर करा, आणि हात वर जायला लागले. एकदा पैसे गेले की गेले. मी उठले आणि म्हणाले की हा हिशोब चुकलाय, ठराव थांबवा.

महिपतराव समजुतीने हसले. “बाई, काल तर तुम्हीच ओके केलं होतं ना? आता बसून जा.”

मागून कोणीतरी म्हणालं, बाईंचं वय झालं. दुसऱ्याने दहाचे अकरा झाले, घटले तर नाहीत, असं ऐकवलं. एकतीस वर्षांत मला वर्गात कोणी बसा म्हटलं नव्हतं. खाली आलेले हात पुन्हा वर जात होते, आणि मी मोजत होते. अकरा, बारा, तेरा. सोळा झाले की ठराव मंजूर.

“रुका,” केदार म्हणाला. “बाई, मला सांगा. मी करतो.”

मंडळाच्या बालवर्गाचा फळा भिंतीला टेकवलेला होता. केदारने खडू घेतला. मी फक्त विचारत गेले. दहा लाखांवर साठ टक्के? त्याने सोळा लाख लिहिले. आता चाळीस टक्के खाली, पण कशाचे? दहाचे की सोळाचे? त्याचा हात थांबला. सोळाचे चाळीस टक्के सहा लाख चाळीस हजार. वजा केले तर राहिले नऊ लाख साठ हजार.

कोणाला काही समजवावं लागलं नाही. साठ वर, चाळीस खाली, आणि मुद्दलच घटलेलं. त्यावर सोळा टक्के चढले तेव्हा कुठे अकरा लाख तेरा हजार. वर्षाला साडेतीनच्या जरासं वर. केदारने मोबाइलवर बँकेचे सात टक्के लावून पाहिले आणि मी न विचारताच तो आकडा फळ्यावर लिहिला : बारा लाख पंचवीस हजार.

ठराव मागे घ्यावा, असं तो म्हणाला. मग म्हणाला की त्याच्यामुळे मुलींचे एक लाख अकरा हजार बुडाले, ते तो दुकानातून भरून देईल. हेमांगी, त्याची बायको, दुसऱ्या रांगेत बसली होती. तिने मान खाली घातली.

मला राहवलं नाही. मी सर्वांसमोर म्हणाले, “अर्धे माझे. खूण मी केली होती.”

खरं तर माझी खूण कालची आणि नुकसान तीन वर्षांचं. पण मला तेवढ्यावर सुटायचं होतं. पेन्शनमधून पंचावन्न हजार गेले असते तर रात्री झोप लागली असती.

केदारने खडू ठेवला, हात झटकले. “तुमचे नाहीत बाई,” तो म्हणाला. “आठवीत तुम्ही सांगितलं, बेरीज करा आणि भागा. कुठे भागायचं नाही, ते कधी सांगितलंच नाही.”

तो चिडून बोलला असता तर मी उत्तर दिलं असतं. त्याने अगदी साधेपणाने सांगितलं, आणि मी महिपतरावांनी सांगितल्याप्रमाणे खाली बसले.