कंपायलरचा कौल

मालनच्या प्रोग्राममध्ये कलमाला मोहोर कधी धरला ते भरलं, की आंबा तोडायची तारीख छापून यायची. मांडीवर तान्ही लेक राही आणि पुढ्यात बागायतदार संघाचा नवाकोरा संगणक, असे सहा महिने तिने काढले होते. रत्नागिरीत चाचणीत सगळं झकास चाललं. दापोलीच्या शाखेतलं यंत्र मात्र दुसऱ्या बनावटीचं. आपण लिहिलेलं यंत्राला समजावून सांगणारा दुभाष्या म्हणजे कंपायलर. आणि दापोलीचा हा दुभाष्या मालनच्या निम्म्या ओळींना मान डोलवीना. त्याच्याशी जुळवून घ्यायला दोन महिने हवेत. आंबा आठ दिवसांवर.

"मग पुढच्या साली बघू," अध्यक्ष रावजीकाका म्हणाले. "दापोलीत माझे व्याही बसलेत. त्यांच्याआधी आपण सुरू केलं, तर लेकीला माहेरी धाडायचे नाहीत."

"पुढच्या साली मला कोण ठेवतंय, काका? हा हंगाम गेला की संगणकावर चादर, नि मी घरी."

रावजीकाकांना हेही पटलं. दोन्ही बाजू पटल्या की ते कौल लावायला देवळात जात. आज मालनलाही सोबत घेऊन गेले.

केरू गुरवाने देवाला दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर थांबा. मग गाऱ्हाणं सुरू झालं.

"बा देवा म्हाराजा, दापोलीचा तो कंपा... काय गो त्याचं नाव?"

"कंपायलर."

"तो आजारी हाय..."

"आजारी नाही हो, जुना आहे."

"म्हातारा हाय! तरी रत्नागिरीचं काम सुरू करायचं काय, नि दापोलीकरांनी आंबा कधी..." केरू थबकला. "रावजी, हे दोन प्रश्न झाले. एका कौलाला एकच. देवाला घोळात टाकू नका."

राहीला थोपटणारा मालनचा हात थांबला. इतके दिवस तीही दोन्ही प्रश्न एकाच गाठोड्यात बांधून हिंडत होती!

"काका, इथलं उद्या सुरू करू. दापोलीच्या मोहोराच्या तारखा सकाळच्या एस.टी.ने येऊ देत, मी इथेच छापून संध्याकाळच्या गाडीने कागद धाडते. आणि पहिला कागद तुमच्या व्याह्यांच्या बागेचा."

"पहिला? वर त्यांचं नाव?"

"मोठ्या अक्षरात."

रावजीकाकांचा चेहरा खुलला.

"मग आता देवाला विचारू काय?" केरू वैतागला.

"विचार, व्याही राजी होतील काय," रावजीकाका म्हणाले.

पाकळी बराच वेळ पडेना. व्याह्यांचं देवालाही सांगता येईना. मालन मात्र थांबली नाही. राहीला कडेवर घेऊन ती संगणक सुरू करायला निघालीसुद्धा.