हातातला की टीव्हीचा

जलदान विधी उरकला, पाहुणे जेवून गेले, मंडपवाल्याने पाइप सोडून टेम्पोत टाकले, आणि गोजरबाई आत्याने पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली.

"चला, रंभाजीच्या वस्तू काढा," ती म्हणाली. "मला पाचच्या गाडीनं देवळालीला जायचं हाय."

वृषालीला नुसतं भिंतीला टेकून बसावंसं वाटत होतं. पुण्याहून आल्यापासून ती सलग दोन तास झोपली नव्हती. लोक येत, जयभीम करत, बसत, आप्पांबद्दल, तिच्या वडिलांबद्दल, चांगलं बोलत, आणि ती चहाचे कप गोळा करत राही. दुःखाला बसायला जागाच मिळाली नव्हती.

वस्तू वाटायची ही रीत आजोबांच्या वेळची. धर्मांतरानंतर आजोबांनी पिंड, कावळा, तेरावा सगळं सोडलं; ही एक गोष्ट तेवढी ठेवली, कारण तिला देव लागत नव्हता. गेलेल्या माणसाच्या हाताशी जे असायचं, घड्याळ, छत्री, चष्मा, ते मुलीचं. घरात जागेवर जे असायचं, ते घरात राहणाऱ्या मुलाचं. निवाडा घरातल्या थोरल्या बाईचा, आणि त्यावर अपील नाही.

चष्मा आणि घड्याळ वृषालीकडे आलं. रेडिओ आणि कपाट योगेशला, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला. पान्ह्यांच्या पेटीपाशी आत्या जरा थांबली. पान्हे हातातले खरे. पण आप्पा नागापूरच्या कारखान्यात फिटर होते तोवर ती पेटी तिथून कधी हलली नव्हती. शिवाय योगेशही त्याच कारखान्यात. पेटी त्याच्याकडे गेली.

मग कपाटातून तो निघाला.

"हे काय रं?"

"गेम," दोघं एकदम म्हणाले.

काळा, विटेएवढा. मधोमध छोटा पडदा, दोन्ही बाजूंना बटणं, डोक्यावर कॅसेट खोचायची खाच. आप्पा रिटायर झाले तेव्हा कुवेतच्या मावसभावाने आणलेला. सहा सेल घातले की हातात चालायचा, वायर जोडली की तोच खेळ टीव्हीवर. साठीतला माणूस आणि गेम म्हणून सगळी कॉलनी हसली होती. आप्पांनी महिनाभरात एकेकाला हरवलं आणि हसणं बंद केलं.

"मग हातातला का घरातला?" आत्याने तो उलटापालटा करून पाहिला.

"टीव्हीचा," योगेश म्हणाला. "रोज संध्याकाळी लावून बसायचो आम्ही. अश्विनीला विचार."

"विचारायचं काय त्यात?" त्याची बायको दारातून म्हणाली. "भाकरी गार होऊन जायच्या, आत्या. दोघांतलं एक उठेल तर शपथ."

"हातातला आहे," वृषाली म्हणाली.

घड्याळ, चष्मा नसता मिळाला तरी तिने तोंड उघडलं नसतं. हा मात्र तिला हवा होता. दर गुरुवारी योगेश आप्पांना पुण्याच्या गाडीत बसवून द्यायचा, आणि शिवाजीनगर स्टँडवर ती त्यांना उतरवून घ्यायची. शाळेच्या लायब्ररीतून गुरुवारची सुट्टी तिने हेडमास्तरांशी भांडून मिळवली होती. मग दवाखान्याचा बाक. नंबर यायला तीन-चार तास. पिशवीतून आप्पा हा काढायचे, मांडीवर धरायचे आणि म्हणायचे, "तू वाच. मी हाय इथं." आदल्या दिवशी आणून ठेवलेले सहा नवे सेल ती दर वेळी त्यांना द्यायची. ती वाचायची, ते खेळायचे. बाकीच्यांना त्रास नको म्हणून आवाजही बंद. मधेच ती विचारायची, "कितवा टप्पा?" आणि ते म्हणायचे, "चौथा. लई अवघड हाय."

ते गुरुवार आठवले की तिला वाटे, निदान त्या बाकावर तरी आप्पा सुखात होते.

"माझ्यासमोर तो कधी टीव्हीला लागलाच नाही," ती आत्याला म्हणाली. "पुण्याला येताना हातात, जाताना हातात."

"आणि आमच्यासमोर कधी वायर निघाली नाही," योगेश म्हणाला. "एक दिवस आठवड्याचा तुझा, ताई. सहा आमचे."

हे तिला लागलं. त्यालाही कळलं असावं, कारण तो खाली बघू लागला.

"भांडू नका. बाप जाऊन दहा दिवस न्हाई झाले," आत्या म्हणाली. "सेल टाका त्यात. हातात चालला तर हातातला. सोपं हाय."

"सेल नाहीत घरात," योगेश घाईने म्हणाला.

वृषालीने पर्स उघडली. बुधवारी घेतलेले सहा सेल कागदात गुंडाळलेले तसेच होते. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी पहाटे, शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला होता.

"ताई, राहू दे ना."

तिने झाकण उघडलं, सेल बसवले, कळ सरकवली. कोपऱ्यातला लाल दिवा लागला. पडदा काळाच राहिला. तिने कळ परत मागे-पुढे केली.

"बिघडला का? त्याआधीच्या गुरुवारी तर..."

"पडदा दिवाळीतच गेलाय."

दिवाळीनंतर तेरा गुरुवार झाले होते. तिने मोजले नाहीत. आकडा आपोआप समोर आला.

"खेळत होते ते, योगेश. मी शेजारी बसलेली असायचे."

"खेळत नव्हते. बटणं दाबत होते." योगेशने मान वर केली नाही. "मी म्हणलो, आप्पा, एवढं ओझं कशाला नेता? दुरुस्तीला पुण्याला तरी टाकू, ताई टाकेल. तर म्हणले, तिला सांगायचं नाही. मी मोकळा बसलो की ती पुस्तक मिटती आणि माझ्या तोंडाकडं बघत बसती. हे हातात असलं की वाचती."

बाहेर मंडपाच्या राहिलेल्या दोऱ्या कुणीतरी ओढत होतं.

"मग सेल?" वृषालीने विचारलं. विचारायचं हे नव्हतं, पण हेच तोंडातून आलं.

अश्विनीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. मग रेडिओकडे, मग खिळ्याला लटकवलेल्या बॅटरीकडे. "तुमचेच सगळे, वन्सं. डबाभर आहेत अजून."

त्या हिवाळ्यात तिने दोन जाड कादंबऱ्या त्या बाकावर संपवल्या होत्या. एकदा आप्पा खोकले तेव्हा वाक्य तुटलं म्हणून ती किंचित वैतागलीही होती. त्यांनी लगेच पडदा स्वतःकडे वळवला होता आणि अंगठे जोरात चालवले होते. चौथा टप्पा. महिनोन्‌महिने चौथाच, आणि एवढी पुस्तकं वाचणाऱ्या बाईला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

आत्याने नाक ओढलं, पण निवाडा सोडला नाही. "हातात चालत न्हाई म्हणजे घराचा. योगेश, उचल."

"नको," योगेश म्हणाला. "ताईला दे. टीव्हीला लावला तरी तो आप्पांच्या हातात असायचा. त्यालाच बटणं आहेत ना. मला दुसरा रिमोट. मी गेम कधी हातात धरलासुद्धा नाही."

"मघा एका तोंडानं भांडत होतास..."

"हातातलाच आहे, आत्या. काही दिसत नव्हतं तरी धरून बसायचे. आणखी काय पाहिजे?"

वृषालीच्या मनात सकाळपासून त्याची जागा ठरलेली होती: पुण्याच्या खोलीत, पुस्तकांच्या फळीवर, आप्पांच्या रुमालावर. तिथे टीव्ही नव्हता. तो तिथे काळाच राहिला असता. आणि काळा पडदा मांडीवर घेऊन बसायचं काम आप्पांनी पुरेसं केलं होतं.

"घराचा," ती म्हणाली. "माझे फक्त सेल." आणि तिने तो योगेशपुढे सरकवला.

योगेशने तो घेतला नाही. उठून टीव्हीमागची वायर ओढली, गेमच्या बुडाला खोचली, प्लग लावला, आणि दुसरा रिमोट घेऊन खाली बसला.

"मला येत नाही," वृषाली म्हणाली.

"मला आप्पांच्या जागेवर बसता येत नाही," योगेश म्हणाला. "धर."

तिने धरला. वाटलं होतं त्यापेक्षा जड. टीव्हीवर रंगीत डोंगर आले, एक छोटा माणूस धावायला लागला आणि पहिल्याच खड्ड्यात पडला.

"ताई, खाली काय बघतेस पुस्तकात बघितल्यासारखी? वर बघ. टीव्हीवर."

तिने मान वर केली. डोळे चुरचुरत होते, चित्र नीट दिसत नव्हतं.

आत्या पिशवी काखोटीला मारून उभी होती ती तशीच. "काय झालं? हरली का?"

"एक लाइफ गेली," योगेश म्हणाला. "दोन आहेत अजून."

आत्याने पिशवी खाली ठेवली. पाचची गाडी आता काही मिळणार नव्हती.

उजवीकडच्या बटणावरचं अक्षर घासून पार गेलं होतं. वृषालीने त्यावर अंगठा ठेवला.