आधी म्हणून दाखव

आमच्या फोरमचं नाव धक्का. पाण्यावर उतरणारी विमानं जिथे येऊन टेकतात, दोर टाकून खुंट्याला बांधली जातात, तो लाकडी धक्का. पण गेली काही वर्षं नव्याने आलेल्या माणसाला तिथे पाऊल ठेवताच जो बसायचा, तोही धक्काच.

ओंटारियोच्या उत्तरेकडच्या तळ्यांवर पोटासाठी विमान चालवणारी माणसं इथे लिहितात. हौशी कुणी नाही. परवाना दाखवल्याशिवाय मी कुणाला आत घेत नाही. आत आल्यावर मात्र ज्याने त्याने हवं ते टोपणनाव घ्यावं. खरं नाव मला आणि जसकरनला ठाऊक, बाकी कुणाला नाही. या धंद्यात मालक थोडे, आणि सगळे सगळ्यांना ओळखतात. ‘आज भीती वाटली’ हे वाक्य कुणी आपल्या खऱ्या नावाखाली लिहीत नाही.

मी हेल्मी कोस्केला. सू लूकाऊटला राहते, उन्हाळाभर जुनं बीव्हर विमान उडवते. धक्का सुरू केला तेव्हा मी पार वर पिकल लेकला एकटी होते. खोलीत स्टोव्ह, खिडकीला बर्फ, आणि बोलायला स्टोव्हच. संध्याकाळी संगणक उघडला की रेड लेकवरून कुणीतरी विचारायचं, ‘आमच्याकडे वारा पडला, तुझ्याकडे?’ मी लिहायचे, ‘माझ्याकडे उठला.’ एवढंच. वाऱ्याची चौकशी, बर्फाची खबर, कुणाच्या इंजिनाचा खोकला. त्या एवढ्याशा बोलण्याला धरून मी तो हिवाळा पार केला. म्हणून धक्का बंद पडेल असं कुणी म्हटलं की मला त्या खोलीतला स्टोव्ह आठवतो.

आणि सप्टेंबरात जसकरनने तेच म्हटलं.

जसकरन ग्रेवाल आता हॅमिल्टनहून मालवाहू जेट उडवतो, पण पहिली दोन वर्षं त्याने आमच्याच तळ्यांवर काढली. फोरमची यंत्राची बाजू तो सांभाळतो. जेवायच्या वेळेला त्याचा फोन आला.

“कॅप्टन, एक वाईट बोलू?”

“तू चांगलं कधी बोललास?”

“या उन्हाळ्यात जे नवे आले ना, त्यांच्यातल्या एकानेही दुसऱ्यांदा लिहिलेलं नाही. मी बसून पाहिलं. एकदा विचारतात, मार खातात, निघून जातात. उरलो आपण. तेच किस्से सांगायचे आणि त्याच जागी हसायचं.”

“किस्से चांगले आहेत.”

“म्हणून जपून ठेवू. जुनं सगळं वाचता येईल. नवं लिहिणं बंद. पाणी गोठलं की कुलूप लावतो.”

“आणि त्याआधी कुणी दुसऱ्यांदा लिहिलं तर?”

तो हसला. “ओरेस्ट बसलाय ना दारात. आधी त्याला बाहेर काढा, मग बोलू.”

ओरेस्ट हावरिलुक माझ्याबरोबर धक्का उभा करणारा. आता निवृत्त, केनोराला मासे पकडतो. पाण्यावरच्या सुरकुत्या पाहून वारा कसा ओळखायचा हे मला त्याने शिकवलं, आणि शिकवताना एकदाही आवाज चढवला नाही. पण समोर तोंड दिसलं नाही, नुसती अक्षरं दिसली, की त्याच्या हाताला काय व्हायचं कोण जाणे. त्याने एक टोचलं की बाकीचे हसत. हसण्याच्या त्या रांगेत नवा माणूस एकटा पडे. त्याला मी बाहेर कसं काढणार? आणि आत ठेवून दार उघडं कसं ठेवणार?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक पोस्ट आली. टोपणनाव ‘तिसरा खुंटा’. परवान्यावरचं नाव मी पाहिलं होतं: डेल्फीन आर्सेनो, न्यू ब्रन्सविककडची, पाण्यावरचा पहिलाच हंगाम. तिने लिहिलं होतं: ‘उद्या सकाळी मूस हरणाच्या शिकाऱ्यांना घेऊन वरच्या तळ्यावर जायचं आहे. इथे रोज पहाटे धुकं असतं, समोरचा किनारा कधी दिसतो, कधी नाही. किती वेळ थांबणं बरोबर?’

ओरेस्टचं उत्तर लगेच आलं. ‘धुकं विचारून उठत नसतं, खुंट्या. एवढंही ठरवता येत नसेल तर शाळेची बस चालव. तिला वायपर असतात.’

खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. मी ते उत्तर झाकलं आणि केनोराला फोन लावला. पलीकडे कढईत काहीतरी चुरचुरत होतं.

“ओरेस्ट, तुझं उत्तर झाकलंय मी.”

“का? चांगलं होतं की. लोक हसले.”

“म्हणूनच.”

“पोरी, तू धक्का चालवतेस की बालवाडी?” मी साठीला आले तरी त्याची पोरच.

“विनिपेगला उतरायचास तेव्हा विमानतळाचा टॉवरवाला काही म्हणाला की आधी काय करायचास?”

“शिव्या घालायचो.”

“त्याच्याही आधी.”

कढई चुरचुरत राहिली. “म्हणून दाखवायचो. तो काय म्हणाला ते.”

“का?”

“का म्हणजे? तो म्हणाला एक, मी ऐकलं भलतंच, तर मरायचं का?”

“मग इथेही तेच. आजपासून. समोरच्याने काय विचारलं ते आधी आपल्या शब्दांत म्हणून दाखवायचं. तो ‘बरोबर’ म्हणाला की उत्तर द्यायचं. शिव्या द्यायच्या असतील तर त्या शेवटी.”

“आणि नाही दाखवलं म्हणून?”

“मग तुलाही झाकीन, ओरेस्ट.”

हे मी कसं बोलले मलाच कळलं नाही. पलीकडे उलथणं कढईवर आपटलं.

“मासा करपतोय,” म्हणाला आणि फोन ठेवला.

मी नियम सगळ्यांत वर लावला. कुणीतरी लिहिलं, ‘माझी बायको वीस वर्षं हेच सांगतेय.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘तू म्हणतोस की तुझी बायको शहाणी आहे. बरोबर?’ ‘बरोबर.’ त्यांचं ते चाललं. मी मात्र तिसऱ्या खुंट्याच्या प्रश्नाकडे बघत बसले. बाहेर पाण्यावर ऊन उतरत होतं, कॉफी गार होत होती, आणि त्या प्रश्नाखालची जागा रिकामीच होती.

मग ओरेस्ट आला. ‘तू विचारतोयस की धुकं किती वाजता उठतं. बरोबर?’

उत्तर आलं: ‘नाही.’

ती अजून तिथेच होती. गेली नव्हती. मी खुर्ची पुढे ओढली.

‘तू विचारतोयस की किती लांबचं दिसलं की निघावं. बरोबर?’

‘नाही. तो नियम पाठ आहे.’

माझा फोन वाजला. “हे पोरगं विचारतंय तरी काय?” ओरेस्ट कावला होता. “धुकं माहीत आहे, नियम माहीत आहे, मग उरलं काय?”

“मला कशाला विचारतोस? पुन्हा वाच.”

“तू सांग ना.”

“मी सांगितलं तर ते मी म्हणून दाखवलं असं होईल.”

“फार शेफारलीस तू,” म्हणाला. पण फोन ठेवण्याआधी ते वाक्य तो पुटपुटत वाचत होता ते मला ऐकू आलं. किती वेळ थांबणं बरोबर. थांबणं बरोबर. थांबणं.

नंतरची त्याची ओळ यायला एवढा उशीर झाला की मी उठून भांडी घासली. हात पुसत परत आले तेव्हा ती पडद्यावर होती.

‘तुला धुक्याचं विचारायचंच नाही. मालक धक्क्यावर उभा राहतो, शिकारी बंदुका घेऊन उभे राहतात, सगळे तुझ्याकडे बघतात. तेव्हा नाही कसं म्हणायचं, ते तुला विचारायचंय. बरोबर?’

‘बरोबर.’

एकच शब्द. पण पाण्यावर विमान टेकतं आणि पायांखालचा आवाज बदलतो, तसं त्या पानावर काहीतरी बदललं.

ओरेस्ट लिहायला लागला, आणि त्याचा हात मला पुन्हा ओळखीचा वाटला, विमानात शेजारी बसून शिकवणारा. ‘ऐक. धक्क्यावर वाद घालायचा नाही. वेळ सांगायची नाही. तू अमुक वाजता म्हणालास की ते घड्याळ बघणार, पाणी बघणार नाहीत. “बघू” तर अजिबात म्हणायचं नाही. सरळ विमानात जायचं, आपला जेवणाचा डबा काढायचा, आणि धक्क्यावर येऊन बसायचं. चालवणाऱ्याचा डबा बाहेर आला की उतारूंना कळतं. ते पण बसतात. चारचौघं बसलेली असली की उभ्या माणसाला ओरडायला जड जातं.’

मग एक नाव दिसलं, कितीतरी वर्षं नुसतं वाचून जाणारं. त्याने लिहिलं, ‘मी म्हणतो, माझ्या आईला मी संध्याकाळी घरी हवा आहे.’ त्याच्याखाली दुसरं. ‘मी म्हणते, इंजिन गार आहे, मी पण गार आहे, दोघी तापलो की जाऊ.’ मग तिसरं, चौथं. ‘मी काहीच म्हणत नाही, दोर आणखी एकदा आवळतो.’ ‘मी म्हणते, किनारा दिसेना झालाय, तो परत आला की मी निघते.’ ‘मी एकदा “नाही” म्हणालो नव्हतो. त्याचं काय झालं ते पुन्हा कधीतरी सांगेन.’ जसकरननेही लिहिलं: ‘आमच्या कंपनीत मी म्हणतो, वाचलं, समजलं, जात नाही. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा दोनदा अडखळलो. मोठ्या विमानातही जीभ तीच असते.’

एकाखाली एक नकार येत गेले. जात्यावर बसलेल्या बायकांत एकीची ओवी दुसरीने उचलावी तशी माणसं एकमेकांचं वाक्य उचलत होती. मी काही लिहिलं नाही. माझं वाक्य ओरेस्टनेच लिहिलं होतं. डबा काढून बसायला त्यानेच मला शिकवलं होतं.

तिसरा खुंटा मात्र त्या एका ‘बरोबर’नंतर गप्प होता.

सकाळी आमच्याकडेही धुकं होतं. धक्क्याचं टोक दिसत होतं, त्यापुढे जग संपलं होतं. कुठेतरी आत एक लून पक्षी हाक घालत होता आणि त्याची हाक त्यालाच परत मिळत होती. माझे दोन उतारू गाडीत झोपले होते. मी डबा मांडीवर घेऊन बसले आणि फोन बघत राहिले. काही नाही. तिच्या तळ्यावरही आत्ता असंच पांढरं असेल. ती बसली असेल, की उठली असेल? नियम मी केला, प्रश्न उलगडला, सगळ्यांनी शब्द दिले. पण धक्क्यावर उभं राहायचं ते तिला एकटीला. त्याला माझा कुठलाच फोरम पुरत नव्हता.

ऊन वर आलं, पांढरं विरळ झालं. पलीकडची झाडं एकेक करून परत आली. मी उतारूंना उठवलं, गेले, आले. दुपारी धक्क्याला दोर टाकते न टाकते तोच फोन वाजला. तिचीच पोस्ट.

‘मालक म्हणाला, निघ. मी डबा काढला आणि बसले. भीतीने डब्याचं झाकण उलटंच फिरवत राहिले, उघडेना. मग एका शिकाऱ्याने ते उघडून दिलं आणि स्वतःही खाली बसला. पुरेसं उजळल्यावर निघालो, नीट पोचलो. दुपारची फेरी मात्र मालकाने दुसऱ्याला दिली. उद्याही धुकं आहे. उद्यासाठी काय म्हणू?’

मी तिथेच, ओल्या फळ्यांवर बसून ते दोनदा वाचलं.

‘बसले?’ ओरेस्टने विचारलं होतं. त्याखाली: ‘म्हणजे तू मुलगी आहेस. बरोबर?’

‘बरोबर.’

‘मग शाळेच्या बसचं बोललो ते मागे घेतो.’

‘मुलगा असते तर?’

‘तरीही घेतलं असतं. जरा उशिरा.’ आणि मग, कुणी न सांगता, ‘तुझं म्हणणं असं की दुपारची फेरी गेली ते लागलं, आणि उद्याची जाईल याची धास्ती आहे. बरोबर?’

‘बरोबर.’

‘त्यावर माझ्याकडे औषध नाही. माझ्याही गेल्या आहेत. उद्या पुन्हा डबाच काढ. आणि झाकण आज रात्री जरा सैल करून ठेव.’

संध्याकाळी जसकरनचा फोन आला. “दुसऱ्यांदा लिहिलं तिने.”

“हो.”

“ओरेस्टने माफी मागितली. मी ते दोनदा वाचलं, मला वाटलं यंत्र बिघडलं.” मग म्हणाला, “कुलपाचं राहू दे. पण कॅप्टन, तुमच्या नियमाने पानं दुप्पट झालीत. निम्मा धक्का नुसता ‘बरोबर का, बरोबर’ करतोय.”

“करू दे.”

डेल्फीनच्या मालकाने तिला पुढच्या आठवड्यात दोनच फेऱ्या दिल्या. पाणी गोठल्यावर तो तिला ठेवील असं काही वाटत नाही. दोघातिघांनी आपापल्या तळांवर विचारून ठेवलंय, अजून कुठून होकार नाही. पण सुट्टी मिळाली म्हणून ती थंडर बे शहराकडे निघाली आणि जायच्या आधी तिने विचारलं, ‘सगळे म्हणतात पर्शियन खाल्ल्याशिवाय येऊ नकोस. चांगलं कुठे मिळतं?’

पर्शियन म्हणजे तिकडचा तळलेला गोड पाव, वर गुलाबी साखरेचा थर. मी लहानपणापासून खात आले आहे आणि माझं मत पक्कं आहे. पण मी टाइप करायच्या आधीच त्या वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या गड्याने गंभीरपणे लिहिलं होतं, ‘तुम्ही पर्शियन मांजराबद्दल विचारत नाही आहात. बरोबर?’

‘बरोबर,’ तिने लिहिलं, आणि मग सगळा धक्का पावावरून भांडायला बसला.